आधी मीटर, मग पाना

मराठवाड्यात जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची म्हटलं तर नजर फार लांब टाकावी लागत नाही. जालना–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत स्कोडाचा कारखाना आहे. २००१ पासून तिथे ऑक्टाव्हियाची जुळवणी सुरू झाली आणि २००४ मध्ये याच ऑक्टाव्हियाची आरएस ही आवृत्ती भारतात विकायला आली. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, वीस व्हॉल्व्ह, १५० अश्वशक्ती. युरोपातली आरएस १८० अश्वशक्तीची होती, आपल्याकडे थोडी मवाळ आली. आरएस म्हणजे रॅली स्पोर्ट; स्कोडाच्या सत्तरच्या दशकातल्या शर्यतीच्या गाड्यांवरून आलेली ही अक्षरं आहेत.

दोन दारांची, टप उघडणारी, सिनेमातली स्पोर्ट्स कार ही नव्हे. चार माणसं आरामात बसतात, मागच्या डिकीत मोसंबीची चार क्रेट मावतात आणि पायाखाली टर्बो असतो. अंबडसारख्या तालुक्याच्या गावात रोज जालन्याला ये-जा करणाऱ्याने स्पोर्ट्स कार वापरायचीच असेल तर ती अशीच असावी, असं माझं मत आहे. गाडी वीस वर्षांची झाली तरी इंजिन, गिअर, ब्रेक सहसा फार छळत नाहीत. छळते ती वीज. काच अर्ध्यावर थांबते, एबीएसचा दिवा लागतो नि विझतो, सेंट्रल लॉक भरदुपारी आपोआप खटखटतं, सकाळी सेल्फ मारला की नुसतं ‘टक’.

अशा वेळी गॅरेजात सगळ्यात आधी ऐकू येणारं निदान म्हणजे ‘कॉम्प्युटर गेला’. हे निदान सगळ्यात महाग असतं आणि सगळ्यात कमी वेळा खरं ठरतं. या गाडीचा कॉम्प्युटर सहसा शेवटी जातो. त्याआधी बॅटरी, अर्थिंग, पाणी आणि आधीच्या मालकाने केलेली कारागिरी या चार जागा तपासायच्या. त्यासाठी मल्टिमीटर हवा. विजेच्या सामानाच्या दुकानात मिळणारा साधा डिजिटल मीटर पुरतो, फक्त त्यात १० अँपिअरची खोबण असली पाहिजे.

सुरुवात बॅटरीपासून. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, दार उघडण्याआधी शक्य नसेल तर निदान उघडून पाच-दहा मिनिटं थांबून, बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज बघा. १२.६ असेल तर बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. सेल्फ मारताना आकडा १० च्या आसपास राहायला हवा, ९.६ च्या खाली घसरत असेल तर बॅटरी थकली आहे. इंजिन सुरू झाल्यावर १३.८ ते १४.५ दिसलं पाहिजे. मग हेडलाइट, एसी, ब्लोअर, मागच्या काचेची तार, सगळं एकदम लावा आणि अॅक्सिलरेटर थोडा दाबून धरा. आकडा १३.५ च्या खाली उतरत असेल तर डायनमोच्या कार्बनकडे किंवा रेग्युलेटरकडे बघायची वेळ आली. हे दोन्ही मिळून येणारा भाग सुटा बदलता येतो, त्यासाठी अख्खा डायनमो विकत घेऊ नका.

व्होल्टेज कमी असताना या गाडीतली यंत्रणा खोटं बोलते. एबीएस, एअरबॅग यांचे दिवे नुसत्या कमजोर बॅटरीने पेटतात. म्हणून स्कॅनरवर दहा कोड दिसले तरी घाबरू नका. कोड लिहून ठेवा, बॅटरी पूर्ण चार्ज करा, कोड पुसा आणि दोन दिवस गाडी चालवा. जे परत येतील तेवढेच खरे.

आता अर्थिंग. या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. गाडीत बहुतेक दिव्यांना आणि मोटरांना पॉझिटिव्ह वायर स्वतंत्र जाते, पण परतीचा रस्ता बॉडीच्या पत्र्यातून असतो. या ऑक्टाव्हियात बॅटरीची निगेटिव्ह केबल तबकाखाली बॉडीला आणि तिथून पुढे गिअरबॉक्सला जोडलेली असते. बॅटरीचं आम्ल, पावसाळ्याचं पाणी आणि आपल्याकडची काळ्या मातीची धूळ नेमकी तिथे साचते. वरून केबल ठीक दिसते, लगच्या आत मात्र तांब्याची हिरवी भुकटी झालेली असते. नुसतं बघून हे कळत नाही आणि मीटर ओहमवर लावूनही कळत नाही, कारण शंभरातली एक तार शाबूत असली तरी मीटर ‘जोड आहे’ म्हणतो. सेल्फला शेकडो अँपिअर लागतात, ते त्या एका तारेतून जात नाहीत.

खरी परीक्षा करंट वाहत असताना घ्यावी लागते. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक काडी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, क्लॅम्पवर नव्हे, खुद्द शिशाच्या खांबावर. दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर, स्वच्छ धातूवर. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून ठेवा म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, आणि कुणाला तरी तीन-चार सेकंद सेल्फ मारायला सांगा. मीटरवर ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तेवढं व्होल्टेज अर्थिंगमध्ये वाया जात आहे. हीच तपासणी पॉझिटिव्ह खांब ते सेल्फचा मोठा बोल्ट अशी करा. तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. हेडलाइट लावून निगेटिव्ह खांब ते बॉडी बघा, ०.१ च्या पुढे गेलं तर बोल्ट सोडा, पत्रा चकाकेपर्यंत घासा, नवा लग दाबून बसवा, घट्ट करा आणि वरून व्हॅसलिन किंवा ग्रीस लावा. ग्रीस आधी लावायचं नाही. केबल बदलावी लागली तर त्याच जाडीची किंवा एक नंबर जाड घ्या. खर्च काही शेकड्यांत आटोपतो. मंद हेडलाइट, डळमळणारे मीटरचे काटे, काच वर करताना कमी होणारा आतला दिवा, कधीमधी लागणारा एबीएस, यांतली बरीचशी तक्रार इथेच संपते.

रात्रीत बॅटरी उतरत असेल तर मात्र वेगळा शोध. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून मीटर अँपिअरवर मध्ये जोडा. दार उघडं ठेवायचं असेल तर दाराच्या कुलपातली जीभ स्क्रूड्रायव्हरने फिरवून बंद करा, म्हणजे गाडीला दार लागलं असं वाटेल. अर्धा तास थांबा, कारण आतली मॉड्यूल्स झोपायला वेळ घेतात. मग ५० मिलीअँपिअरच्या आत आकडा असेल तर ठीक. ३०० असेल तर दिवसाला सात अँपिअर-तास गेले. ६० अँपिअर-तासाची बॅटरी आठवडाभरात रिकामी होते. एकेक फ्यूज काढत जा, ज्याने आकडा पडेल ती फांदी गुन्हेगार. मीटर जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटर जळतो. केबल काढण्याआधी टेपचा कोड हाताशी ठेवा. मूळ टेप असेल तर वीज परत आल्यावर तो पडद्यावर ‘सेफ’ लिहून कोड मागतो. काचांची एका झटक्यात वर जाण्याची सवयही नव्याने लावावी लागते: काच पूर्ण वर नेऊन बटण काही क्षण धरून ठेवायचं.

दारांकडे वळू. सेंट्रल लॉकचं आपोआप खटखटणं, दार उघडल्यावर आतला दिवा न लागणं, दार बंद असूनही उघडं असल्याची सूचना येणं, या तिन्हींमागे सहसा कुलपाच्या आतला बोटाच्या नखाएवढा मायक्रोस्विच असतो. वीस वर्षांच्या धुळीने तो अडकतो किंवा त्याचा डाग सुटतो. कुलूप काढून स्विच बदलणारा वायरमन मिळाला तर पूर्ण कुलूप घ्यायची गरज नाही. काच किंवा दाराचा स्पीकर कधी चालतो कधी नाही, असं असेल तर दार आणि खांब यांच्यामधला रबरी बूट मागे सरकवून आतल्या वायरी बघा. दार हजारो वेळा उघडून एखादी वायर आतून तुटलेली असते, वरचं आवरण शाबूत असतं. प्रत्येक वायर हलकी ओढून पाहा, तुटलेली वायर रबरासारखी लांबते. पीळ देऊन काळी टेप गुंडाळणं ही दुरुस्ती नव्हे. तुकडा जोडायचा, डाग द्यायचा, वर हीट श्रिंक चढवायची, आणि दोन सांधे एकाच जागी येऊ द्यायचे नाहीत.

पाण्याचं संकट अंबडमध्ये वर्षातले तीन-चार महिनेच, पण तेवढंच पुरतं. वायपरखालच्या प्लास्टिकच्या पन्हाळीला दोन्ही बाजूंना खाली पाणी जायची भोकं असतात. गाडी लिंबाखाली उभी राहत असेल तर पानं आणि माती मिळून ती बुजतात, आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी केबिनच्या फिल्टरमधून आत येतं. पायाखालचा गालिचा ओला लागतो, काचा धुरकटतात आणि दोन आठवड्यांनी डॅशखालच्या मॉड्यूलच्या कपलरवर हिरवट बुरशी चढते. मेअखेरीस एक तांब्या पाणी पन्हाळीत ओता. ते सरळ गाडीखाली पडलं पाहिजे. सनरूफ असेल तर तिच्या कोपऱ्यांतल्या नळ्यांनाही हीच परीक्षा. आणि धुलाई सेंटरवर इंजिनात दाबाचा फवारा मारू देऊ नका. त्याने इंजिन चकाकतं, कॉइल्स आणि कपलर मरतात.

कॉइल्सची गोष्ट स्वतंत्र आहे. या १.८ टर्बो इंजिनात प्रत्येक प्लगवर एक कॉइल बसते. फोक्सवॅगन घराण्याच्या त्या काळच्या या कॉइल्स जगभर बदनाम झाल्या. २००३ मध्ये अमेरिकेत कंपनीला त्या मोठ्या संख्येने बदलून द्याव्या लागल्या. लक्षण ओळखायला सोपं आहे. इंजिन तिघांवर चालल्यासारखं थरथरतं आणि इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकतो. स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर लावला की पी०३०१ ते पी०३०४ यांपैकी कोड मिळतो, शेवटचा आकडा सिलिंडरचा. कोड पी०३०१ असेल तर पहिल्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर टाका. कोड पी०३०३ झाला तर कॉइल खराब. कोड पहिल्यावरच राहिला तर प्लग बघा, नाहीतर कॉइलच्या कपलरची वायर बघा, तिचं आवरण उष्णतेने तडकलेलं असतं. दिवा लुकलुकत असताना गाडी दामटू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वितळवतं. एक सुटी कॉइल आणि एक प्लग डिकीत कायम असू द्या.

आणखी दोन छोटे उपद्रवी भाग आहेत, दोन्ही स्वस्त. ब्रेकच्या पेडलवरचा स्विच बिघडला की ब्रेकचा दिवा लागत नाही, लागला तर विझत नाही, आणि जोडीला एबीएसची तक्रार येते. इंजिनच्या पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर बिघडला की गरम इंजिन सुरू व्हायला त्रास देतं आणि डॅशवरचा काटा अधूनमधून खाली पडतो. सीटखालचा पिवळा कपलर ढिला झाला तर एअरबॅगचा दिवा लागतो, पण त्याला बॅटरी सोडवल्याशिवाय हात लावायचा नाही. एअरबॅग, एबीएस आणि दारांची मॉड्यूल्स साध्या स्कॅनरला दिसत नाहीत. त्यासाठी व्हीसीडीएस हे फोक्सवॅगन घराण्याच्या गाड्या तपासायचं सॉफ्टवेअर असणारा माणूस शोधावा लागतो, आणि तो संभाजीनगरात सापडण्याची शक्यता अंबडपेक्षा जास्त.

बॅटरीच्या डोक्यावर एक छोटी फ्यूजपेटी आहे. डायनमोची आणि रेडिएटर फॅनची मोठी वायर तिच्यातून जाते. बोल्ट ढिला पडला की तिथे उष्णता निर्माण होते आणि प्लास्टिक तपकिरी होऊन वितळतं. महिन्यातून एकदा झाकण उघडून बघा. एसी लावल्याबरोबर पुढचे पंखे फिरलेच पाहिजेत. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, नवरात्रात मत्स्योदरी देवीच्या यात्रेच्या गर्दीत गाडी तासभर रांगते, आणि त्या वेळी पंखा नसेल तर टर्बो इंजिनचं हेड वाकायला फार वेळ लागत नाही. डिझेल १.९ टीडीआय ऑक्टाव्हिया वापरणाऱ्यांनी एक वेगळी गोष्ट ध्यानात घ्यावी: १०९ आकडा छापलेल्या रिलेच्या आतला डाग उन्हाने तडकतो आणि गाडी दुपारी बंद, संध्याकाळी चालू असा खेळ करते. रिले बदलला की खेळ संपतो.

उंदरांविषयी लिहिलं नाही तर गावातल्या वाचकाशी प्रतारणा होईल. सरकी, पेंड किंवा धान्याच्या पोत्यांच्या शेजारी गाडी लावली तर वायरिंग कुरतडली जाणारच. नॅप्थलीनच्या गोळ्या आणि तंबाखूच्या पुड्या यांवर माझा फारसा विश्वास नाही. गाडी पोत्यांपासून दूर लावा, रोज चालवा आणि आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून लेंड्या दिसतात का बघा.

शेवटी आधीच्या मालकाची कारागिरी. टेप, अँप्लिफायर, रिमोट लॉक, हॉर्न, फॉगलाइट, प्रत्येकासाठी कुणीतरी मूळ वायर सोलून तिला दुसरी वायर गुंडाळलेली असते. जुनी गाडी घेतल्यावर पहिलं काम म्हणजे हे सगळं उतरवणं. ५५ वॉटच्या जागी १०० वॉटचा बल्ब लावला की ४.६ ऐवजी ८.३ अँपिअर त्याच वायरीतून जातात. होल्डर, स्विच, कपलर तिन्ही भाजतात. जास्त उजेड हवा असेल तर हेडलाइटची पिवळी पडलेली काच पॉलिश करून घ्या, फरक चटकन दिसतो. उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज घालू नका. लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. निळ्याच्या जागी हिरवा बसतो म्हणून तो बसवायचा नसतो. पत्र्याचं वेल्डिंग करताना बॅटरीची दोन्ही टोकं सोडवायला मिस्त्रीला सांगा, तो स्वतःहून सोडवेलच असं नाही.

रोजच्या वापराचं म्हणाल तर गाडीला लांब पल्ला मानवतो. अंबड–जालना ही धाव टर्बो नीट गरम व्हायला आणि बॅटरी भरायला पुरेशी आहे. गावातल्या गावात दोन किलोमीटरच्या चकरा मात्र तिला मारतात, त्या दुचाकीवर करा. जोरात चालवून आल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवा मग बंद करा, टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल करपत नाही. टायमिंग बेल्टचा हिशोब आधीच्या मालकाच्या शब्दावर सोडू नका. बिल नसेल तर पट्टा बदलला नाही असंच धरायचं आणि पाण्याच्या पंपासकट बदलायचा. समृद्धी महामार्गावर जालन्याहून चढायचा बेत असेल तर टायरच्या कडेचे चार आकडे वाचा, आठवडा आणि वर्ष. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांचं रबर उन्हाळ्यात ताशी १२० च्या वेगाला धोक्याचं.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं आणि ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. इंजिनखालच्या आणि टाकीजवळच्या जुन्या रबरी नळ्या बदलून इथेनॉल चालणाऱ्या घ्या, पेट्रोलचा वास आला तर त्याच दिवशी. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्यात अर्धी टाकी ठेवून गाडी महिनाभर उभी करू नका. कोड पी०१७१ येत असेल तर मिश्रण पातळ होत आहे. इथेनॉलची त्यात भर असते, पण बहुतेकदा मूळ कारण फाटलेली व्हॅक्यूमची नळी असते, ती आधी शोधा.

सुट्या भागांसाठी मुंबईच्या कुर्ल्यातला जुना बाजार अजून उपयोगी पडतो. मात्र सेन्सर आणि कॉइल्स तिथून घेऊ नयेत. दाराचं कुलूप, काचेची मशीन, कपलर, प्लास्टिक घ्यावं.

कागदांचं काम गाडीइतकंच महत्त्वाचं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांपर्यंत असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. एमएच-२१ ची गाडी असेल तर त्यासाठी जालन्याच्या परिवहन कार्यालयात जावं लागेल. पर्यावरण कर भरावा लागतो, विमा आणि पीयूसी चालू असावी लागते. २०२५ पासून २० वर्षांवरच्या गाड्यांच्या नूतनीकरणाचं शुल्क वाढलं आहे, म्हणून सौदा करताना नोंदणीची मुदत कधी संपते ते आरसीवर बघूनच किंमत बोला. आणि तपासणीला गाडी नेण्याच्या आदल्या संध्याकाळी घरासमोर एकदा हेडलाइट, इंडिकेटर, ब्रेकचा दिवा, मागचा रिव्हर्स लाइट, हॉर्न आणि वायपर चालवून बघा. तपासणीत हे सगळं पाहतात.